डिझेल घोटाळ्यातली गाडी दारात उभी असेल तर काय करायचं?

फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातून २०१० मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या डिझेल पोलोंना पंधरा वर्षं झाली. आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करायचं, गाडी विकून मोकळं व्हायचं की अजून चार-पाच वर्षं काढायची, असा विचार त्यांच्या मालकांच्या डोक्यात घोळतोय. दुसरीकडे सेकंडहँड बाजारात याच गटाच्या व्हेंटो, रॅपिड, लॉरा, जेट्टा, जुन्या ऑडी बऱ्या भावात मिळतात, म्हणून नवे मालकही तयार होताहेत. या दोघांनाही कुणीतरी कधीतरी विचारतंच, "ही ती घोटाळ्यातली गाडी ना? मग भरपाई मिळाली का?"

घोटाळा म्हणजे प्रदूषण चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर, २०१५ मध्ये उघड झालेलं; तपशील पुढे येतोच. भरपाईचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. भारतात नोंदलेल्या गाडीच्या मालकाला या प्रकरणात आपोआप काही मिळालेलं नाही आणि मिळेल अशी आशाही धरू नये. अमेरिकेत कंपनीने गाड्या परत विकत घेतल्या, जर्मनीत मालकांच्या खात्यात युरो जमा झाले, ब्रिटनमध्ये तडजोड झाली. आपल्याकडे जो दंड झाला तो पर्यावरणाच्या नावाने, मालकाच्या नव्हे. त्यामुळे इथल्या मालकाच्या हातात तीनच गोष्टी उरतात: गाडीत दुरुस्ती झाल्याचा कागद, इंजिनाची निगा आणि सौद्यात न फसणं. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. परदेशात गाडी घेतलेल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

घोटाळा काय होता, तेवढं तरी समजून घ्या

इतिहास टाळून थेट कामाला लागता आलं असतं, पण मेकॅनिकशी बोलताना हे माहीत असलं तर तो तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

डिझेल इंजिनातून दोन त्रासदायक गोष्टी बाहेर पडतात. एक काजळी, जी डोळ्यांना दिसते. दुसरी नायट्रोजन ऑक्साइडं, ज्यांना सगळे 'नॉक्स' म्हणतात. ती दिसत नाहीत, पण फुप्फुसांना काजळीइतकीच नकोशी असतात. नॉक्स कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवायचा. हे काम ईजीआर व्हॉल्व्ह करतो. जितका जास्त वायू परत फिरवाल तितका नॉक्स कमी, पण तितकीच काजळी वाढते आणि ईजीआर, मॅनिफोल्ड, फिल्टर लवकर तुंबतात. म्हणजे एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला गाडीचं आयुष्य.

फोक्सवॅगनच्या 'ईए १८९' या इंजिनमालिकेत या पेचातून पळवाट काढलेली होती. चाके ठरावीक वेगाने, ठरावीक वेळापत्रकानुसार फिरताहेत आणि स्टिअरिंग मात्र हलत नाही, हे सॉफ्टवेअर ओळखायचं. अशी गाडी रस्त्यावर नसून प्रयोगशाळेतल्या रोलरवर आहे हे त्याला कळायचं. मग तेवढ्यापुरता ईजीआर नेकीने चालायचा. रस्त्यावर आली की पुन्हा मोकळी. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी डिकीत उपकरणं ठेवून गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर मोजल्या, तेव्हा आकडे जुळेनात. (त्या चमूत हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे भारतातून शिकायला गेलेले दोघे होते.) १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. काही परिस्थितीत मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नॉक्स, असा तो आरोप होता. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीने लगेचच मान्य केलं.

भारतात अवजड उद्योग मंत्रालयाने गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेला तपासायला सांगितलं. रस्त्यावरचा नॉक्स बीएस-४ (प्रदूषणाचे भारतीय नियम) मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याची घोषणा केली: फोक्सवॅगनच्या १ लाख ९८ हजार ५००, स्कोडाच्या ८८ हजार ७०० आणि ऑडीच्या ३६ हजार ५००. मात्र हे रिकॉल ऐच्छिक होतं, आणि भारतातल्या नियमांचा भंग झालेला नाही, अशी कंपनीची भूमिका राहिली.

इतका फरक का, हे मर्यादांच्या आकड्यांवरून कळतं. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नॉक्सची मुभा होती. युरोपच्या युरो-५ नियमांत ०.१८. अमेरिकेत मैलामागे ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ०.०४. तिथली मर्यादा इतकी कडक, की नुसतं सॉफ्टवेअर बदलून अनेक गाड्या तिच्यात बसणारच नव्हत्या. म्हणून तिथे गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि आपल्याकडे अर्ध्या-पाऊण तासाच्या अपडेटवर भागलं.

पायरी १: तुमची गाडी यात आहे का?

गाडीच्या नावावरून ठरवू नका, इंजिनावरून ठरवा. भारतात २००८ ते नोव्हेंबर २०१५ या काळात बनलेल्या, १.२, १.५, १.६ आणि २.० लिटरच्या ईए १८९ डिझेल इंजिनाच्या गाड्या या यादीत होत्या. पोलो, व्हेंटो, जेट्टा, पसाट. फॅबिया, रॅपिड, लॉरा, यती, सुपर्ब. ऑडीच्या ए-फोर, ए-सिक्स, क्यू-थ्री, क्यू-फाइव्ह अशा नावांखाली ही इंजिनं विकली गेली. पेट्रोल गाडी असेल तर इथेच थांबा. जुनी १.९ लिटरची ऑक्टाव्हिया किंवा लॉरा असेल तर तिचं इंजिन वेगळ्या पिढीचं आहे, तीही यात नाही. २०१६ नंतर बनलेली १.५ लिटर डिझेलही नाही.

आरसी बुक किंवा एम-परिवहन अ‍ॅप उघडा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष, इंधन, इंजिन नंबर आणि सतरा अंकी-अक्षरी चॅसिस नंबर, एवढं टिपून घ्या. नोंदणीची तारीख नाही, उत्पादनाची तारीख बघायची. डिसेंबर २०१५ किंवा २०१६ मध्ये नोंदलेली गाडी आधीच्या महिन्यांत बनून शोरूमच्या गोदामात उभी असू शकते.

मग कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा, फोन नव्हे. मजकूर दोन ओळींचा पुरे: 'माझ्या गाडीचा चॅसिस नंबर हा आहे. ईए १८९ डिझेल रिकॉलमध्ये ही गाडी येते का, आणि आली असेल तर अपडेट कोणत्या तारखेला, कोणत्या वर्कशॉपमध्ये झालं, हे लेखी कळवावं.' फोनवर 'हो सर, सगळं झालेलं आहे' हे वाक्य फुकट मिळतं. त्याला किंमतही तितकीच.

पायरी २: अपडेट झालंय की नाही, हे स्वतः तपासा

ग्राहकसेवेचं उत्तर येईपर्यंत दोन ठिकाणी शोध घेता येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे गाडीची जुनी फाइल. पहिल्या मालकाने सर्व्हिसची बिलं ठेवली असतील तर २०१६ ते २०१९ या काळातली जॉब कार्डं चाळा. रिकॉलचं काम मोफत असल्यामुळे ते मुख्य बिलात पैशांच्या रकान्यात दिसत नाही. शून्य रुपयांची वेगळी ओळ किंवा वेगळं जॉब कार्ड असतं. 'ईसीयू अपडेट', 'इंजिन कंट्रोल युनिट फ्लॅश', 'रिकॉल' असे शब्द दिसतात का बघा. अनेकांची गाडी नेहमीच्या सर्व्हिसला गेली असताना हे काम परस्पर उरकलं गेलं आणि मालकाला पत्ताच नाही, असंही झालेलं आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे गाडीचा मेंदू. या गाड्यांवर काम करणाऱ्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये या कंपनीसाठीचा स्कॅनर असतो. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या-उजव्या गुडघ्याच्या आसपास हात घातला की सोळा पिनांचं सॉकेट लागतं. तिथे केबल लावून इग्निशन चालू करायचं, पण इंजिन नाही. लॅपटॉपवर पहिलं मॉड्यूल इंजिनाचं. त्यावर टिचकी मारली की वरच्या ओळीत कंट्रोल युनिटचा पार्ट नंबर येतो आणि त्याच्याजवळ चार आकडी सॉफ्टवेअर नंबर. या स्क्रीनचा फोटो काढा. हा चार आकडी नंबर कंपनीच्या वर्कशॉपला दाखवून 'ही मूळ आवृत्ती की सुधारित?' एवढंच विचारायचं. पुढे कधी अपडेट करून घेतलंत तर आधीचा आणि नंतरचा नंबर शेजारी-शेजारी ठेवता येतो, आणि तोच खरा पुरावा असतो. लेखी आश्वासनापेक्षा हे चार आकडे जास्त बोलतात.

गाडीत ट्यूनिंग केलेलं असेल तर भानगड वाढते. पुण्या-मुंबईत १.५ आणि १.६ लिटरच्या पोलो-व्हेंटोंना 'रीमॅप' करण्याची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याची, हौस मोठी आहे. रीमॅप केलेल्या गाडीत मूळ सॉफ्टवेअर असतंच असं नाही, त्यामुळे त्या नंबरावर विसंबू नका. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाला थेट विचारा. ईजीआर 'बंद' करून ठेवलाय का, हेही विचारा. हा प्रकार बेकायदा आहे, आणि अशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अपडेटसाठी गेली की सगळं उघडं पडतं.

पायरी ३: अपडेट झालं नसेल, तर करावं का?

माझं मत: गाडी आणखी तीन-चार वर्षं ठेवायची असेल आणि ती मूळ स्थितीत असेल, तर करून घ्यावं. सोडून द्यायची असेल तरीही करून घेतलेलं बरं, कारण विकताना कागद दाखवता येतो. पण डोळे मिटून नको.

कारण उघड आहे. अपडेटनंतर ईजीआर जास्त वेळ, जास्त प्रमाणात चालतो. कंपनीचं म्हणणं असं, की मायलेज, ताकद, आवाज यांत फरक पडत नाही. युरोपातल्या अनेक मालकांच्या तक्रारी मात्र वेगळ्या होत्या: गाडी खालच्या गिअरमध्ये जड वाटते, ईजीआर तुंबतो. त्या इतक्या वाढल्या की कंपनीला तिथे अपडेटनंतरच्या ठरावीक काळासाठी उत्सर्जनाशी संबंधित काही भागांची तक्रार सद्भावना म्हणून मोफत सोडवण्याची योजना आणावी लागली. भारतातल्या मालकाने असं काही गृहीत धरू नये. विचारावं, लेखी विचारावं, आणि नाही म्हणाले तर तो नकारही जपून ठेवावा.

अपडेटला देण्याआधी इतकं करा:

- सलग तीन टाक्यांचं मायलेज मोजा. एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिला 'टक' आवाज येईपर्यंत भरायचं आणि तिथेच थांबायचं. किलोमीटर आणि लिटर वहीत लिहा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, तो नेहमी थोडा आशावादी असतो.
- गाडी स्कॅन करून आधीचे सगळे एरर कोड उतरवून घ्या. नाहीतर अपडेटनंतर निघालेला दोष 'आधीपासूनच होता' या सदरात जातो.
- बॅटरी तपासा. सॉफ्टवेअर घालताना व्होल्टेज पडलं तर कंट्रोल युनिटच नादुरुस्त होऊ शकतं. चांगलं वर्कशॉप त्या वेळी बाहेरून चार्जर लावतं. 'चार्जर लावता ना?' असं विचारायला लाजू नका.
- जॉब कार्डवर कामाचं नाव, तारीख, किलोमीटर, आधीचा आणि नंतरचा सॉफ्टवेअर नंबर लिहून घ्या. 'सिस्टममध्ये आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका. वर्कशॉप बंद पडतात, डीलर बदलतात. तुमच्या फाइलमधला कागद राहतो.

१.६ लिटरच्या इंजिनाला युरोपात सॉफ्टवेअरबरोबर एक छोटा प्लॅस्टिकचा जाळीदार भागही बसवला गेला. हवेच्या सेन्सरकडे जाणारा प्रवाह सरळ व्हावा म्हणून. तुमच्या गाडीसाठी तो भाग सांगितलेला आहे का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

अपडेटनंतर पुन्हा तीन टाक्या तशाच मोजा. एखाद्या टाकीवरून निष्कर्ष काढू नका. एसी, घाट, ट्रॅफिक यांनी एवढा फरक सहज पडतो.

पायरी ४: ईजीआरकडे लक्ष द्या

डॅशबोर्डवर पिवळा, गुंडाळलेल्या तारेसारखा दिवा लुकलुकायला लागला की घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही नको. या गाड्यांत तो इंजिनातला दोष दाखवायलाही वापरतात. त्याबरोबर गाडी एकदम मरगळली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही वेग घेईना, तर समजा गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी केली आहे. अशा वेळी पहिला संशयित ईजीआर, दुसरा टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर.

फक्त शहरात, दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या डिझेल गाडीत काजळी लवकर साठते. कोथरूड ते कर्वेनगर एवढाच गाडीचा प्रवास असेल तर डिझेल घेतलंच का, हा प्रश्न वेगळा. पण घेतलंय, तर आठवड्यातून एकदा तिला महामार्गावर काढा, इंजिन पूर्ण तापू द्या, अर्धा तास खालच्या गिअरमध्ये थोड्या चढ्या आरपीएमवर चालवा. गाडीला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याची सफाई अशीच होते.

ईजीआर तुंबला की वर्कशॉप आधी 'नवा टाका' म्हणतं. बऱ्याचदा काढून साफ करून भागतं, पण व्हॉल्व्हची मोटर किंवा कूलर गेला असेल तर नाही. इनटेक मॅनिफोल्डही त्याच वेळी उघडून बघायला सांगा. मजुरी एकदाच जाते. आणि कुणी 'साहेब, ईजीआर ब्लॉक करून टाकू, कटकटच मिटेल' म्हणाला तर नको म्हणा. प्रदूषणाची मर्यादा मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित, अशी तरतूद आहे. घोटाळा केला म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या आणि तोच घोटाळा गल्लीतल्या गॅरेजमध्ये स्वतःच्या गाडीत करून घ्यायचा, हे विनोदीही आहे.

पीयूसी 'पास' आहे, मग काळजी कशाला?

कारण पीयूसी नॉक्स मोजतच नाही. पंपावरच्या व्हॅनमध्ये काय होतं ते नीट बघा. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. यंत्र धुरातून प्रकाश किती आरपार जातो एवढंच मोजतं, म्हणजे काजळी. बीएस-४ डिझेलसाठी मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक). नॉक्स रंगहीन किंवा फार तर फिकट, त्याला या चाचणीत जागाच नाही. उलट ईजीआर बंद केलेल्या गाडीचा धूर कमी दिसतो आणि ती पीयूसीत झोकात उत्तीर्ण होते.

तेव्हा पीयूसी काढा, कारण ती नसली तर दंड आहे. बीएस-४ गाडीची मुदत एक वर्ष. पण ती रिकॉलचा पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका, आणि कुणी दाखवली तर मानू नका. प्रत्यक्ष रस्त्यावर उत्सर्जन मोजण्याची अट आपल्याकडे बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना लागली. तुमची गाडी त्याच्या फार आधीची.

पायरी ५: पैशांचा मार्ग, भारतात

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीला १०० कोटी रुपये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायला सांगितले. तज्ज्ञ समितीने दिल्लीतल्या आरोग्याचं नुकसान १७१.३४ कोटी रुपये धरलं. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने तो आकडा ५०० कोटींवर नेला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे २०१९ मध्ये सक्तीच्या कारवाईला स्थगिती मिळाली. यातला महत्त्वाचा मुद्दा रकमेचा नाही, दिशेचा आहे. हा पैसा 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' या तत्त्वावर हवेसाठी मागितलेला. गाडी विकत घेताना तुमची फसवणूक झाली का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

फसवणुकीचा प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. उत्तर प्रदेशात एका ग्राहकाने पोलिसांत गुन्हा दाखल केला, आणि तो रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नकार दिला. म्हणजे हरित न्यायाधिकरणात प्रकरण चाललं म्हणून ग्राहकाची तक्रार आपोआप बंद होत नाही, एवढं त्यातून निघालं. पण फौजदारी तक्रार ही सामान्य मालकासाठी वर्षानुवर्षं चालणारी वाट आहे. मी कुणाला सुचवणार नाही.

ग्राहक आयोगाचं काय? ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. २०१५ ची बातमी हेच कारण धरलं तर ती मुदत कधीच उलटली. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण इतक्या वर्षांच्या उशिराला पटण्याजोगं कारण लागतं. वकिलाची फी भरून नुसता प्रयोग करायला जाऊ नका.

दोन परिस्थितींत मात्र आयोगाकडे जाण्यात अर्थ आहे. पहिली, तुम्ही गेल्या दोन वर्षांत जुनी गाडी एखाद्या विक्रेत्याकडून घेतली आणि त्याने 'रिकॉल झालंय' असं लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं, प्रत्यक्षात झालेलं नाही. दुसरी, अलीकडे अपडेट केलं आणि त्यातून नेमका दोष निर्माण झाला. आधीचा-नंतरचा स्कॅन, मायलेजची वही, बिलं सगळं हाताशी आहे. मोजलेल्या किमतीनुसार ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; बऱ्याच वेळा विक्रेता तिथेच नरमतो.

पुढच्या घोटाळ्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं. आता सरकार रिकॉलची सक्ती करू शकतं, मात्र गाडी सात वर्षांच्या आतली हवी आणि तक्रारींची ठरावीक संख्या भरावी लागते. म्हणजे 'माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार' हा विचार इथे लागू पडत नाही. तक्रारी मोजल्या जातात. आणि प्रत्येक डिझेल बातमी सारखी नसते, हेही. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटाच्या डिझेल इंजिनांची बातमी आली, तेव्हा इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरवाले घाबरले. ते प्रकरण गाड्यांच्या बाबतीत ताकदीच्या चाचणीतल्या आकड्यांचं होतं, नॉक्स लपवण्याचं नव्हे. काही दिवसांनी इथला पुरवठा पुन्हा सुरूही झाला.

पायरी ६: गाडी परदेशात घेतली असेल तर

*जर्मनी.* २५ मे २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने कंपनीने ग्राहकांची हेतुपुरस्सर फसवणूक केल्याचं मान्य केलं. गाडी परत करून पैसे घ्या, पण वापरलेल्या किलोमीटरचे कापून, असा निकाल. त्याआधी ग्राहक संघटनांशी ८३ कोटी युरोपर्यंतची तडजोड झाली होती. मालकांना गाडीनुसार १,३५० ते ६,२५७ युरो देऊ केले गेले. घोटाळा उघड झाल्यावर जुनी गाडी घेणाऱ्यांना मात्र त्या आधारावर काही मिळालं नाही. जून २०२३ मध्ये न्यायालयाने आणखी एक दार उघडलं: बेकायदा सॉफ्टवेअरमुळे गाडीची किंमत कमी झाली म्हणून खरेदी किमतीच्या ५ ते १५ टक्के, आणि हे इतर कंपन्यांच्या गाड्यांनाही. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर बहुतेक दारं बंद समजा. नसतील, तर तिथल्या कायदेशीर खर्चाच्या विम्यात हा दावा बसतो का, हे वकिलाच्या आधी विमा कंपनीला विचारा.

*ब्रिटन.* फोक्सवॅगनने मे २०२२ मध्ये सुमारे ९१ हजार दावेदारांशी १९.३ कोटी पौंडांची तडजोड केली. ती संपली. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टात मर्सिडीज, फोर्ड, रेनो, निस्सान आणि प्यूजो-सिट्रोएन यांच्यावरचा मोठा खटला उभा राहिला. तुमची डिझेल त्यातली असेल तर आधी हे आठवा, की पूर्वी कधी जाहिरातीवरून एखाद्या फर्मकडे नाव नोंदवलं होतं का. एकाच गाडीसाठी दोन फर्मशी करार झाला तर दोन्हीकडे पैसे कापले जाण्याची भीती असते. 'जिंकलो तरच फी' या करारात तुमच्या रकमेचे किती टक्के जाणार आणि मध्येच बाहेर पडलात तर काय, ही दोन कलमं सहीआधी वाचा. भारतात परतला असाल तरी व्ही-फाइव्ह-सीचा, म्हणजे तिथल्या नोंदणीपत्राचा, फोटो आणि खरेदी किंवा फायनान्सचा करार टाकून देऊ नका.

*अमेरिका.* २.० लिटरच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांसाठीच्या योजनेत दावे घेणं सप्टेंबर २०१८ मध्ये बंद झालं. घोटाळ्याआधीची किंमत आणि वर ५,१०० ते १०,००० डॉलर असा तो सौदा होता. आज तिथे जुनी डिझेल जेट्टा स्वस्तात दिसली तर दुरुस्ती केलेलीच आहे ना आणि उत्सर्जनाच्या भागांची वाढीव वॉरंटी किती उरली, हे चॅसिस नंबरावरून बघून घ्या.

पायरी ७: विकताना, घेताना आणि पंधरा वर्षांनी

घेणाऱ्याने भाव करताना घोटाळ्याचं नाव काढून वीस-पंचवीस हजार पाडायचे, ही आता जुनी युक्ती झाली. भाव पाडायचाच असेल तर नेमक्या गोष्टीवर पाडा: अपडेटचा कागद नाही, ईजीआरचा कोड आहे, टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नाही. फोक्सवॅगन गटाने एप्रिल २०२० पासून भारतात डिझेल विकणंच थांबवलं, तेव्हा इंजेक्टर, टर्बो, ड्युअल-मास फ्लायव्हील यांच्या किमती सौद्याआधी दोन ठिकाणी विचारा. मग घासाघीस करा.

विकणाऱ्याने विक्रीच्या करारात एक ओळ घालावी: ईए १८९ रिकॉलचं काम झालं आहे अथवा झालेलं नाही, आणि खरेदीदाराला ते सांगितलं आहे. उद्याची कटकट एका ओळीत मिटते. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नवं नाव चढेपर्यंत गाडीची जबाबदारी कागदोपत्री तुमचीच असते.

पंधरा वर्षं भरत आली असतील तर मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ ने अर्ज करा. २०२२ पासून कारसाठी या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये वाढतात. पर्यावरण कर वेगळा. आरटीओत गाडी दाखवायला नेण्याआधी तो पिवळा दिवा विझलेला आहे आणि धूर काबूत आहे, एवढं गॅरेजमधून करून घ्या. विमा आणि पीयूसी त्या दिवशी चालू हवेत.

आणि गिऱ्हाईक दिल्लीकडचं असेल तर जपून. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबाबतचे आदेश सर्वोच्च न्यायालयात वारंवार बदलत आलेत. एनओसीचा फॉर्म २८ आणि टोकन रक्कम या दोन्हींच्या आधी, त्या गाडीची तिथे नोंदणी होईल का, हे गिऱ्हाइकाने तिथल्या आरटीओत विचारून घेतलं पाहिजे. तसं न करता निघालेली एनओसी रद्द करून गाडी पुन्हा एमएच-१२ वर आणायची म्हणजे चकरा तुमच्याच.